अंगठ्याला घाबरा: अलाबामा, ऑबर्न आणि एका कोचची किंमत

१८ नोव्हेंबर २००६ रोजी टस्कलूसाच्या ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये पाहुण्या ऑबर्नने यजमान अलाबामाला २२-१५ असं हरवलं. ऑबर्नचा हा लागोपाठ पाचवा विजय. आदल्या वर्षापर्यंत त्यांचे चाहते चार बोटं दाखवत हिंडत होते. या वर्षी त्यांनी सामन्याआधीच टी-शर्ट छापले, 'अंगठ्याला घाबरा'. सामना संपला आणि ऑबर्नचा कोच टॉमी टबरव्हिल याने अख्खा पंजा उंचावला. मराठीत अंगठा दाखवण्याचा जो अर्थ होतो, तोही इथे चपखल बसत होता.

दहा दिवसांच्या आत अलाबामाने आपला कोच माइक शूला याला घरी पाठवलं. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत जे घडलं, आणि त्यातून पुढच्या चार-पाच वर्षांत दोन्ही विद्यापीठांनी एकमेकांवर जे डाव टाकले, ते हे प्रकरण. कोच कसा नेमला जातो यावर अमेरिकेत ढीगभर लिहिलं जातं आणि त्यातलं बहुतेक शनिवारच्या सामन्यांबद्दल असतं. मला यात वेगळीच गोष्ट दिसते. अलाबामाने तेव्हा विकत घेतलं ते सामन्यातलं डोकं नव्हतं. सतरा वर्षांच्या पोराच्या घरी, त्याच्या आईसमोर सोफ्यावर बसून बोलू शकणारा माणूस त्यांनी विकत घेतला.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडं. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, खांद्यावर पॅड चढवून, लंबगोल चेंडू हातात धरून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. अलाबामा राज्याची लोकसंख्या २०१० च्या जनगणनेत सुमारे ४८ लाख होती, म्हणजे आपल्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सगळ्या नागरी पट्ट्याहूनही थोडी कमी. राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. त्यामुळे सगळी माया, सगळा राग दोन सरकारी विद्यापीठांवर ओतला जातो: टस्कलूसाचं अलाबामा आणि तिथून अंदाजे अडीचशे किलोमीटरवरचं ऑबर्न. नव्याने राहायला आलेल्या माणसाला शेजारी विचारतात, तुम्ही कुणाकडचे? 'कुणाकडचाच नाही' हे उत्तर फार काळ चालत नाही. आपल्याकडे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा प्रमुख कोण हे तिथल्या विद्यार्थ्यांनाही सांगता यायचं नाही. तिथे मात्र फुटबॉलचा कोच हा राज्याच्या तिजोरीशी नातं असलेला सगळ्यात महागडा नोकर असतो आणि त्याला ओळखत नाही असा माणूस सापडत नाही.

दोघांची पहिली गाठ १८९३ साली बर्मिंगहॅममध्ये पडली. १९०७ च्या बरोबरीनंतर खेळाडूंच्या भत्त्यावरून आणि पंच कुठून आणायचे यावरून असं बिनसलं की ४१ वर्षं सामनाच झाला नाही. १९४८ साली तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा दोन्हीकडच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी बर्मिंगहॅमच्या एका बागेत खरोखरची कुऱ्हाड पुरली. भांडण मिटवण्याच्या त्यांच्या म्हणीचं ते शब्दशः प्रात्यक्षिक. मग अलाबामाने त्या दिवशी ५५-० असं हरवलं. हाच सामना पुढे 'आयर्न बोल' म्हणून ओळखला जाऊ लागला.

अलाबामाचं दुखणं मात्र पाच पराभवांपेक्षा जुनं होतं. पॉल 'बेअर' ब्रायंट १९५८ ते १९८२ एवढा काळ तिथे होता. त्याने सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, निवृत्त झाला आणि शेवटच्या सामन्यानंतर महिन्याभरातच वारला. त्याच्या खुर्चीत जो बसला तो त्याच्याशी तुलना होऊनच दमला. १९९२ चं एक विजेतेपद सोडलं तर पुढचा काळ पडझडीचा. २००२ साली राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एनसीएएने, पाच वर्षांची देखरेख, दोन वर्षं हंगामाअखेरच्या बोल सामन्यांवर बंदी आणि २१ स्कॉलरशिपची कपात अशी शिक्षा ठोठावली. कारण रिक्रूटिंगच होतं, म्हणजे हायस्कूलच्या चांगल्या खेळाडूंना आपल्या संघाकडे ओढणं. मेम्फिसच्या एका दांडग्या पोराला अलाबामाकडे वळवावं म्हणून एका श्रीमंत बूस्टरने त्याच्या हायस्कूल कोचला पैसे चारल्याचं प्रकरण. बूस्टर म्हणजे विद्यापीठावर जीव ओवाळून टाकणारा धनिक चाहता. बहुतेक लफड्यांत हा असतोच.

त्याच वर्षाअखेर कोच डेनिस फ्रँचिओनी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडे निघून गेला. मग माइक प्राइस आला, आणि फ्लोरिडातल्या एका रात्रीच्या भानगडीमुळे मे २००३ मध्ये एकही सामना न खेळवता गेला. मे महिन्यात कोच शोधायची पाळी आली, म्हणून शूला. तो अलाबामाचाच जुना क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, स्वभावाने भला, पण हाताशी माणसं कमी आणि अनुभवही कमी. ऑबर्नने त्याला चारही वर्षं हरवलं.

दुसऱ्या बाजूला टबरव्हिल काय करत होता? तो १९९८ साली मिसिसिपीहून ऑबर्नला आला, तोसुद्धा 'मला इथून लाकडी पेटीतच न्यावं लागेल' असं मिसिसिपीत म्हणून झाल्यावर काही दिवसांतच. कोचच्या शब्दाची किंमत या धंद्यात अशी असते, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल. २००४ साली त्याचा ऑबर्न संघ १३-० असा अपराजित राहिला, तरी त्या वेळच्या पद्धतीत त्याला राष्ट्रीय अंतिम सामना मिळाला नाही. पण अलाबामावर त्याची पकड घट्ट होती. ती पकड तुटायची तर राज्यातल्या हायस्कुलांमधली चांगली पोरं आधी कुणाकडे जातात, हा प्रश्न सोडवायला हवा होता.

नव्या कोचच्या शोधाचं काम अलाबामाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख, म्हणजे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, मॅल मूर यांच्याकडे होतं. ते स्वतः ब्रायंटच्या हाताखाली खेळलेले, नंतर त्याचेच सहायक. साउथ कॅरोलायनाचा स्टीव्ह स्परिअर आपल्याला यात रस नाही म्हणाला. मग वेस्ट व्हर्जिनियाचा रिच रॉड्रिगेझ. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचं ठरल्याच्या बातम्या आल्या आणि दुसऱ्याच दिवशी तो आहे तिथेच राहणार असल्याचं जाहीर झालं. मूर यांची शोभा झाली. गावभर पत्रिका वाटून झाल्यावर नवरदेवाने नकार द्यावा, तशी.

त्यांच्या मनात पहिल्यापासून खरं तर निक सेबन होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणपट्ट्यात वडिलांच्या पेट्रोल पंपावर राबत वाढलेला, कामात कमालीचा कडक. लुइझियाना स्टेटला २००३ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देऊन तो व्यावसायिक लीगमध्ये मायामी डॉल्फिन्सकडे गेला होता. तिथे दोन हंगामांत १५ जिंकले, १७ हरले. ते का, हे इथे महत्त्वाचं आहे. व्यावसायिक लीगमध्ये नवे खेळाडू ड्राफ्टच्या रांगेतून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने निवडून, मिळतात आणि पगारावर कमाल मर्यादा असते. कोच कितीही मेहनती असो, सगळी चांगली माणसं त्याच्या वाट्याला येऊ शकत नाहीत. २००६ च्या वसंतात मायामीच्या डॉक्टरांना ड्रू ब्रीझच्या खांद्याची खात्री वाटली नाही. संघाने दुसरा क्वार्टरबॅक घेतला, आणि ब्रीझ न्यू ऑर्लिन्सला जाऊन मोठा झाला. सेबनचं खरं बळ माणसं पारखून गोळा करण्यात होतं, आणि मायामीत नेमके तेच हात बांधलेले. कॉलेजात ड्राफ्ट नाही. जितकी पोरं पटवाल तितकी तुमची.

डिसेंबरभर पत्रकार त्याला विचारत राहिले आणि तो झिडकारत राहिला. २१ डिसेंबरला वैतागून त्याने सांगून टाकलं: मी अलाबामाचा कोच होणार नाही. नववर्षाच्या दिवशी मॅल मूर विद्यापीठाच्या विमानाने दक्षिण फ्लोरिडात उतरले. सेबनला घेतल्याशिवाय परत आलो तर विमान सरळ क्यूबाला न्या, असं त्यांनी वैमानिकांना बजावलं होतं, ही आख्यायिका टस्कलूसात अजून चवीने सांगतात. सेबनची पत्नी टेरी हिच्याशी बोलणं झालं. ३ जानेवारी २००७ ला मायामीचे मालक वेन हायझेंगा यांनी सेबन जात असल्याचं जाहीर केलं. आठ वर्षं, ३ कोटी २० लाख डॉलर. वर्षाला ४० लाख म्हणजे त्या वेळी कॉलेज फुटबॉलमध्ये न ऐकलेली रक्कम. टस्कलूसाच्या छोट्या विमानतळावर शेकडो लोक जमले होते.

बाहेरच्या वर्तमानपत्रांनी त्याला खोटारडा म्हटलं, आणि तो खोटं बोललाच होता. त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. मला कुतूहल आहे ते दुसऱ्या गोष्टीचं. अवघ्या महिनाभरात हाच माणूस घरोघर जाऊन 'तुमचा मुलगा चार वर्षं माझ्या स्वाधीन करा' म्हणणार होता. ज्याने कालच शब्द फिरवला त्याच्यावर आई-बाप विश्वास कसे ठेवतात? अनेक खेळाडूंनी पुढे सांगितलेल्या आठवणींत याचं एक उत्तर सापडतं. इतर कोच पहिल्या वर्षापासून खेळवायचं वचन द्यायचे. सेबन सांगायचा की इथे कसलीही हमी नाही, तुझ्याच जागेवर तुझ्याइतकेच चांगले चौघे असतील, त्यांच्याशी झगडून जागा मिळव. वचनच दिलं नाही तर मोडणार काय? ही चतुराई होती की प्रामाणिकपणा, हे ठरवायच्या फंदात मी पडत नाही. दोन्ही एकाच वाक्यात राहू शकतात.

आता रिक्रूटिंग कसं चालतं ते थोडं सविस्तर, कारण सगळा पीळ तिथेच आहे.

हायस्कूलचा पोरगा 'मी अमुक कॉलेजला जाणार' असं तोंडी सांगतो, त्याला कमिटमेंट म्हणतात. तिला कायद्याचं बळ काही नाही. आपल्याकडे बोलणी होतात, सुपारी फुटत नाही, तसं. खरी बांधिलकी कागदावर सही झाल्यावर, आणि त्या काळी ती सही करायचा मुख्य दिवस म्हणजे फेब्रुवारीचा पहिला बुधवार. त्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून सगळ्या कॉलेजांत बड्या बड्या पगाराची माणसं एका फॅक्स मशीनभोवती उभी राहायची. कागद सरकत बाहेर यायचा, कुणीतरी नाव ओरडायचं. एका वेळी संघात ८५ स्कॉलरशिप, दरवर्षी नवे २५. खेळाडूला कॉलेजच्या खर्चाने पाच ठिकाणी भेट देता यायची. कोचने कधी फोन करायचा, कधी शाळेत जायचं, कधी नुसतं लांबून बघायचं, याचं एनसीएएचं एक पंचांगच होतं. ऑगस्ट २००७ पासून खेळाडूंना मोबाइलवर मेसेज पाठवायलाही बंदी आली, कारण पोरांची मेसेजची बिलं आणि डोकी दोन्ही फुटायची वेळ आली होती.

या पंचांगात सेबनने फट शोधली. वसंत ऋतूत कोचने हायस्कूलमध्ये जाऊन खेळाडू 'बघायचा', त्याच्याशी बोलायचं नाही, असा नियम. पण कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आलात तर नमस्कार-चमत्कार व्हायचेच. २००७ च्या वसंतात सेबन शाळांमागून शाळा पालथ्या घालत सुटला आणि अशा 'योगायोगाच्या' भेटी बऱ्याच झाल्या. पुढच्या वर्षी एनसीएएने मुख्य कोचला त्या काळात बाहेर पडायलाच मनाई केली. लोक त्याला सेबनचा नियम म्हणतात. त्यावर त्याने व्हिडिओ कॉलवरून गप्पा सुरू केल्या. नियम मोडायचा नाही, पण त्याच्या कुंपणाला खेटून चालायचं.

निवडीची त्याची रीत मात्र वशिल्याची नव्हती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात बिल बेलिचिक या कोचच्या हाताखाली बचावाची जबाबदारी सांभाळताना तो ती शिकला होता. प्रत्येक जागेसाठी उंची, वजन, वेग यांचं ठरलेलं माप, आणि त्या मापात न बसणारा पोरगा कितीही गाजलेला असला तरी त्याचं नाव पुढे करायला सबळ कारण लागायचं. स्थानिक आमदाराचा भाचा, जुन्या खेळाडूचा मुलगा, गावातल्या कोचचा आग्रह, असल्या गोष्टींवर इतर कॉलेजांत जागा भरायच्या. इथे त्या भरेनात. नाराजी झाली, पण सेबनच्या पगाराने तिचं तोंड आपोआप बंद केलं होतं.

लोकांचा धीर किती होता हे २१ एप्रिल २००७ ला दिसलं. वसंतातला सराव सामना, अलाबामा विरुद्ध अलाबामाच. ९२,१३८ लोक आले, स्टेडियम भरलं, बाकीच्यांना परत जावं लागलं. त्या गर्दीतले बरेच जण सामन्यापेक्षा रिक्रूटसाठी आले होते असं मी म्हणेन. त्या दिवशी मैदानाकडेला उभ्या असलेल्या हायस्कूलच्या पोरांना जे दिसलं, ते कुठल्याही भाषणाने दाखवता आलं नसतं.

हंगाम मात्र साधाच गेला. सात विजय, सहा पराभव. १७ नोव्हेंबरला लुइझियाना-मन्रो नावाच्या, ज्याला कुणी खिजगणतीत धरत नाही अशा कॉलेजने घरच्या मैदानावर २१-१४ असं हरवलं. पुढच्या शनिवारी ऑबर्नकडून १७-१०. सहावं बोट. वर्षाला ४० लाख डॉलर घेणाऱ्या माणसाबद्दल त्या आठवड्यात टस्कलूसाच्या न्हावी-दुकानांत काय बोललं गेलं असेल, याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही.

आणि मग ६ फेब्रुवारी २००८. फॅक्सने ३२ सह्या आणल्या. एका वर्षी सही करणाऱ्या नव्या खेळाडूंच्या संचाला 'वर्ग' म्हणतात. प्रमुख क्रमवारी लावणाऱ्यांनी तो वर्ग देशात पहिला ठरवला. सगळ्यात वर हूलिओ जोन्स, राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या आखाताजवळच्या फोली गावचा वाइड रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू झेलणारा. सगळ्या देशाला हवा असलेला पोरगा. त्याने टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर अलाबामाचं नाव घेतलं. त्याच शाळेतून बचावपटू रॉबर्ट लेस्टरही आला. मोबाइल शहराचा मार्क बॅरन, बर्मिंगहॅमचा मार्सेल डॅरियस, युफॉलाचा कोर्टनी अपशॉ. टेनेसीतून डॉन्टा हायटॉवर, मेम्फिसहून बॅरेट जोन्स. मिशिगनमधल्या फ्लिंटचा मार्क इन्ग्रॅम. त्याचे वडील मिशिगन स्टेटला खेळत होते तेव्हा सेबन तिथेच सहायक होता. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची ओळखही वाया घालवायची नाही. यातले पाच जण पुढे व्यावसायिक ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले: २०११ मध्ये डॅरियस तिसरा, जोन्स सहावा, इन्ग्रॅम अठ्ठाविसावा, २०१२ मध्ये बॅरन सातवा, हायटॉवर पंचविसावा.

३२ हा आकडा मात्र बोचतो. वर्षाला २५ घ्यायचे, मग ३२ सह्या कशासाठी? काही पोरांचे मार्क कमी पडणार हे गृहीत धरायचं, काहींना 'सहा महिने थांब' सांगायचं, आणि जुन्यांपैकी कुणाला दुखापतीच्या कारणाने संघाबाहेर ठेवून शिक्षणाचा खर्च तेवढा द्यायचा. शेवटच्या प्रकाराबद्दल २०१० मध्ये वर्तमानपत्रांतून जाहीर प्रश्न विचारले गेले आणि काही माजी खेळाडूंनी आपल्याला बाहेर ढकललं असं म्हटलं. हे एकट्या अलाबामाचं पाप नव्हतं; मिसिसिपीने २००९ मध्ये ३७ सह्या घेतल्या, तेव्हा कुठे त्यांच्या कॉन्फरन्सने, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाने, आधी २८ आणि मग २५ ची मर्यादा घातली. पण सोफ्यावर बसून 'हमी काहीच नाही' म्हणण्यातला कडू भाग हा होता. ते वाक्य ऐकताना प्रत्येक आईला वाटत असतं की ते दुसऱ्याच्या मुलाबद्दल आहे.

नऊ महिन्यांत सगळं उलटं झालं. २००८ च्या नियमित हंगामात अलाबामाने बाराही सामने जिंकले. २९ नोव्हेंबरला ऑबर्न टस्कलूसात आलं आणि ३६-० असं हरलं. ब्रायंट-डेनीमध्ये ऑबर्नला हरवायची अलाबामाची ती पहिलीच वेळ. चौथ्या दिवशी टबरव्हिलने राजीनामा दिला आणि करारानुसार ५० लाख डॉलरहून जास्त रक्कम घेऊन तो गेला. त्या वर्षी त्याचे पाचच विजय होते, नव्या आक्रमणपद्धतीसाठी आणलेल्या सहायकाला त्याने अर्ध्या हंगामात काढलं होतं, सगळं खरं. पण अलाबामाला लागोपाठ सहा वर्षं हरवलेला माणूस सातव्या वर्षीच्या पराभवाने गेला. समोरच्या घरात सेबन आला नसता तर त्याचं पाच-सातचं वर्ष खपून गेलं असतं, असं मला वाटतं.

ऑबर्नच्या कारभाऱ्यांना घाईची सवय होती हेही सांगायला हवं. २००३ च्या आयर्न बोलच्या दोनच दिवस आधी विद्यापीठाचे अध्यक्ष, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर आणि दोन विश्वस्त गुपचूप खासगी विमानाने लुइव्हिलच्या कोचला भेटायला गेले होते. टबरव्हिल नोकरीवर असताना, त्याला न सांगता. टबरव्हिलने तो सामना २८-२३ असा जिंकला, बातमी फुटली, आणि महिना-दोन महिन्यांत अध्यक्षांनाच खुर्ची सोडावी लागली. या राज्यात विमानांनी जेवढ्या कोचांची वाहतूक केली, तेवढाच धुरळाही उडवला.

आता ऑबर्नची पाळी. १३ डिसेंबर २००८ रोजी त्यांनी जीन चिझिकला नेमलं. तो २००४ च्या अपराजित संघाचा बचाव सांभाळणारा, पण आयोवा स्टेटचा मुख्य कोच म्हणून दोन वर्षांत पाच विजय आणि १९ पराभव. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर जे जेकब्झ विमानतळावर उतरले तेव्हा एक चाहता त्यांच्यावर ओरडत होता. आम्हाला नेता हवा, हरणारा नको, असा त्याचा धोशा. चार्ल्स बार्कली, ऑबर्नचा प्रसिद्ध माजी बास्केटबॉल खेळाडू, उघड म्हणाला की बफेलोला यशस्वी करणारा टर्नर गिल हा कृष्णवर्णीय असल्यानेच मागे पडला. ऑबर्नने ते नाकारलं. पण संघातले बहुतेक खेळाडू कृष्णवर्णीय आणि मुख्य कोचांत ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, ही विसंगती बार्कलीने तयार केली नव्हती.

चिझिकच्या मंडळींनी सेबनच्या शिस्तीला उत्तर दिलं ते तमाशाने. २००९ च्या वसंतात ऑबर्नचे सहायक कोच लांबलचक लिमोझिनमधून हायस्कुलांच्या दारात उतरू लागले. हास्यास्पद वाटतं, पण सोळा वर्षांच्या पोराच्या दृष्टीने विचार करा. एका बाजूला मापाची पट्टी घेऊन येणारा गंभीर माणूस, दुसरीकडे गाडीतून उड्या मारत उतरणारे, नाव घेऊन हाका मारणारे काका. पोरांना दोन्ही आवडतात. पहिल्याच वर्षी ऑबर्नने अलाबामाला पार घाम फोडला. अलाबामाने शेवटच्या मिनिटांत ७९ यार्डांची चाल रचून २६-२१ असा सामना वाचवला, मग टेक्सासला ३७-२१ हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. इन्ग्रॅमला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाला, अलाबामाच्या इतिहासातला पहिला.

२०१० मात्र ऑबर्नचं. कॅम न्यूटन हा फ्लोरिडातून बाहेर पडून टेक्सासच्या ब्लिन या दोन वर्षांच्या, तिथल्या भाषेत ज्युनियर, कॉलेजात एक वर्ष काढून आलेला क्वार्टरबॅक. मिसिसिपी स्टेटलाही तो हवा होता. त्याच्या वडिलांनी एका मध्यस्थामार्फत मिसिसिपी स्टेटकडे पैशांची मागणी केल्याचं एनसीएएच्या चौकशीत निघालं. न्यूटनला किंवा ऑबर्नला ते ठाऊक असल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि १ डिसेंबरला एनसीएएने त्याला खेळायला पात्र ठरवलं. त्याच्या पाच दिवस आधी टस्कलूसात अलाबामा २४-० पुढे होतं. न्यूटनने तो सामना २८-२७ असा हिसकावला. हाइझमन त्याला, राष्ट्रीय विजेतेपद ऑबर्नला, ओरेगनवर २२-१९. पाच-एकोणीसवाला चिझिक विजेता. त्या वर्षीच्या आयर्न बोलनंतर अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरवरच्या जुन्या ओक वृक्षांना तणनाशक घातलं आणि रेडिओवर फोन करून सांगितलं. झाडं २०१३ मध्ये काढावी लागली.

न्यूटन गेला. ऑबर्न २०११ मध्ये आठ विजयांवर आलं, २०१२ मध्ये तीनवर. कॉन्फरन्समधले आठही सामने हरलं आणि आयर्न बोल ४९-० असा. दुसऱ्या दिवशी चिझिक गेला, ७५ लाख डॉलर घेऊन. एका रिक्रूटवर जिंकलेलं आणि वर्गामागून वर्ग रचून जिंकलेलं, यातला फरक एवढा लख्ख क्वचित दिसतो. अर्थात असं म्हणावं तोच २०१३ मध्ये गस मल्झानच्या ऑबर्नने, शेवटच्या सेकंदाला अलाबामाची हुकलेली किक झेलून ख्रिस डेव्हिसने मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवली आणि ३४-२८ असं जिंकलं. सेबन अलाबामात १७ वर्षं राहिला, सहा राष्ट्रीय विजेतेपदं घेतली, आणि ऑबर्नशी त्याचा हिशेब १२-५ राहिला. त्या पाचांतले बरेच पराभव त्याच्या उत्तम संघांचे. चांगली पोरं जमवल्याने शेजाऱ्याचा सामना आपोआप खिशात येत नाही.

किंमत वसूल झाली का? विद्यापीठात २००७ साली सुमारे २५ हजार विद्यार्थी होते; दहा वर्षांत ते ३८ हजारांच्या वर गेले, त्यातले निम्म्याहून जास्त राज्याबाहेरचे, म्हणजे चढी फी भरणारे. विद्यापीठाचे तत्कालीन प्रमुख रॉबर्ट विट यांनी सेबनला विद्यापीठाची आजवरची सर्वोत्तम गुंतवणूक म्हटलं. ती सगळी वाढ फुटबॉलच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. त्या काळात विद्यापीठाने गुणवत्तेच्या स्कॉलरशिप सढळ हाताने वाटल्या होत्या. पण टीव्हीवर दर शनिवारी नाव दिसणं ही जाहिरात फुकट नव्हती, एवढं नक्की. मॅल मूर मार्च २०१३ मध्ये वारले. टबरव्हिल २०२० मध्ये अमेरिकेचा सिनेटर म्हणून निवडून आला, अलाबामातूनच. त्याला मत देणाऱ्यांत अंगठ्याच्या टी-शर्टवर चिडलेले किती होते, कोण जाणे.

सेबन १० जानेवारी २०२४ ला निवृत्त झाला. तोवर खेळाडूंना नाव वापरण्याचे पैसे उघडपणे मिळू लागले होते आणि कॉलेज बदलणं सोपं झालं होतं. काही दिवसांतच जॉर्जियातून आलेला बचावपटू केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला. मोबाइलजवळच्या सारालँडचा रायन विल्यम्स या १६ वर्षांच्या रिसीव्हरने निवृत्तीची बातमी येताच कमिटमेंट मागे घेतली. ऑबर्नने त्याला बोलावून घेतलं, गोंजारलं. दोन आठवड्यांनी तो पुन्हा अलाबामालाच आला, नव्या कोचकडे, केलेन डीबोअरकडे. त्याआधीच्या उन्हाळ्यात, सेबन अजून खुर्चीत असताना, मोबाइलच्या उपसागराच्या पलीकडचा दुसरा एक रिसीव्हर अलाबामाला दिलेला शब्द मोडून ऑबर्नला गेला होता. पेरी थॉम्पसन त्याचं नाव. शाळा फोली हायस्कूल, हूलिओ जोन्सची.